भावाची बाजू

कायद्याच्या पहिल्या वर्षाला माणसाला काही होत नाही. दुसऱ्या वर्षाला करार कायदा येतो आणि मग घरच्यांची धडगत नसते. रिक्षावाल्याने "बसा" म्हटलं की मला प्रस्ताव दिसायचा, मी बसले की स्वीकृती, आणि त्याने सात रस्ता चौकात थांबून आणखी माणसं कोंबली की सरळसरळ करारभंग. एकदा मी त्याला तसं सांगितलंही. त्याने मला तिथेच उतरवलं.

मी श्रीदेवी. गाव मंद्रूप. बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीसाठी सोलापूरला विद्यापीठात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी चुकून भूशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत खडकांच्या थरांबद्दल मन लावून लिहून घेतलं. एवढं ते आवार मोठं. पण मला ते आवडलं. गावात मी कुठल्या गल्लीत वळले हे घरी मी पोहोचायच्या आधी कळायचं. इथे मला कोणी ओळखत नव्हतं आणि मी कोणाशीही वाद घालू शकत होते. वाद घालायची मला लहानपणापासून खोड. त्या खोडीला इथे मार्क मिळतात हे कळल्यावर मी हुरळूनच गेले.

मी राहते शहराच्या जुळे सोलापूर भागात, अत्तीच्या फ्लॅटवर. अत्ती म्हणजे माझी आत्या, दानम्मा. आमच्या घरात मराठीत कानडी मिसळूनच बोलतात, त्यामुळे आत्याची अत्ती होते. ती वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर लोक तिच्यासमोर येऊन ओरडतात आणि ती शांतपणे म्हणते, "मीटरचा फोटो आणलाय का?" काका नोकरीसाठी हुबळीला असतात, म्हणून घरात आम्ही दोघीच. अत्ती माझ्या वडिलांपेक्षा मोठी. आप्पा तिला अक्का म्हणतात आणि तिचा शब्द कधी खाली पडू देत नाहीत.

आता मुद्द्याचं सांगते. माझे आजोबा गेल्यावर मंद्रूपच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन नावं लागली, आप्पांचं आणि अत्तीचं. यंदा आप्पांना शेतात पाइपलाइन करायची होती, शेततळं घ्यायचं होतं, आणि प्रत्येक कागदाला अत्तीची सही लागत होती. तलाठ्याकडे बसलेल्या कुणीतरी सांगितलं, बहिणीचं हक्कसोड करून टाका, म्हणजे कटकट मिटेल. हक्कसोड म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा. रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करायची, भावाने साडी नेसवायची, आणि मग सगळ्यांनी घरी जेवायला बसायचं. आमच्याकडे हे गोडीगुलाबीने होतं. न करणाऱ्या बहिणीचं गावात नाव होतं, पण ते चांगलं नाव नसतं.

आप्पांनी फोन केला आणि अत्ती लगेच हो म्हणाली. सोमवार ठरला. फोन ठेवून ती भाकरी थापायला बसली आणि माझ्या डोक्यात मात्र आग लागली होती. मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क, हे मी नुकतंच वर्गात शिकून आले होते. इतका धडधडीत हक्क आणि माझी स्वतःची अत्ती तो एका साडीवर सोडून मोकळी होणार?

तोंडावर बोलायची हिंमत मात्र नव्हती. फी आप्पा भरतात, जेवू अत्ती घालते. दोघांच्या मध्ये मी कोण?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या विभागाच्या मूट कोर्टाचा, म्हणजे लुटुपुटुच्या कोर्टाच्या स्पर्धेचा, विषय लागला. फलकासमोर गर्दी होती. मी दोघांच्या खांद्यांमधून मान घालून वाचलं आणि मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. खटला असा होता: शाळेत क्लार्क असलेल्या एका बहिणीने भावाला हक्कसोड करून दिलं. पुढे शेताजवळून मोठा रस्ता जाहीर झाला आणि जमिनीला भाव आला. आता बहीण म्हणते, माझ्यावर दडपण होतं, ते हक्कसोड रद्द करा. भाऊ म्हणतो, तू राजीखुशीने सही केलीस.

मी तिथल्या तिथे बेत केला. अंतिम फेरी शनिवारी, अत्तीची सही सोमवारी. आपण अंतिम फेरी गाठायची. आप्पांना आणि अत्तीला पहिल्या रांगेत बसवायचं. आणि बहिणीची बाजू अशी लढवायची, की आप्पांना घाम फुटला पाहिजे आणि अत्तीचा हात पेनापाशी थबकला पाहिजे. घरात जे बोलता येत नाही ते कोर्टात बोलायचं. तिथे मला गप्प बस म्हणणारं कोणी नव्हतं.

माझा जोडीदार होता अभिमन्यू, सांगोल्याचा. घरी डाळिंबाची बाग, बोलणं सावकाश, कपाळाला कधी आठी नाही. प्रत्येक संघाला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात, कारण कोणती बाजू मिळणार हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरतं. मी त्याला सांगून टाकलं, "भावाची बाजू तू बघ. मला त्यात रस नाही."

"आन् चिट्ठी उलटी निघाली तर?"

"नाही निघणार."

"कशावरून?"

"मला वाटतंय म्हणून."

"मग तर झालंच की," असं म्हणून तो ग्रंथालयात जाऊन भावाच्या बाजूचे निकाल वाचत बसला.

माझा सराव घरीच चालायचा, न्यायाधीशाच्या जागी अत्ती. ओट्याशी उभी राहून ती पीठ मळायची आणि मी फ्रिजजवळ उभी राहून तिला "महोदया" म्हणायचे. ते तिला फार आवडायचं. ऑफिसात तिला दिवसभर "ओ मॅडम, बिल कमी करा" ऐकावं लागतं, महोदया कोण म्हणणार? वेळ कुकर सांगायचा. तिसरी शिट्टी झाली की युक्तिवाद बंद.

"महोदया, माझ्या अशिलाच्या सहीला सहीच म्हणता येणार नाही. माहेर तुटेल या भीतीपोटी केलेली ती सही आहे. कायद्याच्या भाषेत हे अवाजवी दडपण. अशा सहीने झालेला करार रद्द करून मागता येतो."

अत्ती हात थांबवायची. "म्हणजे सही केली, रजिस्टर झालं, तरी रद्द होतं?"

"होतं, महोदया."

"नंतर कधीपण?"

"मुदत असते. पण होतं."

"आणि वकील चांगला पाहिजे."

"वकील तर घरातच आहे, महोदया."

ती हसायची आणि पुन्हा पीठ मळायला लागायची. रोज ती हेच विचारायची आणि रोज मी आणखी जोर लावून सांगायचे. तिची मान डोलायची, चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मला वाटायचं, बाई वळतेय. शनिवारी आप्पांसमोर एक दणका दिला की काम फत्ते.

पहिल्या दोन्ही फेऱ्यांत चिठ्ठीने आम्हाला बहिणीची बाजू दिली. पहिलीत आम्ही जिंकलो, दुसरीत तर समोरचा संघ बोलताना पाणीच मागायला लागला. मी आवारातून चालताना जमिनीला पाय लावत नव्हते. अभिमन्यूलाही मी म्हटलं, तुझे ते भावाच्या बाजूचे कागद आता रद्दीत घाल. त्याने ते नीट घडी करून पिशवीत ठेवले.

शनिवारी आप्पा सकाळच्या एसटीने आले. पांढरा कडक शर्ट, डोक्यावर टोपी, खिशाला पेन. आवारात शिरल्यापासून ते इकडेतिकडे बघत होते आणि प्रत्येक इमारतीकडे बोट दाखवून विचारत होते, "हितं काय शिकिवत्यात?" मला निम्म्या इमारतींचं सांगता आलं नाही. अत्ती ऑफिसला जायची ठेवणीतली साडी नेसून आली होती. दोघं पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसली. अगदी मी ठरवलं होतं तशी.

समोरच्या संघात होती रेश्मा. शेवटच्या वर्षाची, गेल्या साली उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस घेतलेली, आणि काळा कोट तिला असा बसायचा की ती कोट घालूनच जन्मली असावी. चिठ्ठी तिने उचलली, उघडली आणि वाचली, "वादी."

वादी म्हणजे बहीण. म्हणजे आम्ही भाऊ.

मी अभिमन्यूकडे बघितलं. तो एवढंच म्हणाला, "चल. तयारीला तासभर हाय."

आम्ही बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. मी काय बोलत होते ते मलाच कळत नव्हतं. आप्पांना मी कशाला बोलावलं, अत्तीसमोर मी काय तोंडाने सांगू की भावाचंच बरोबर आहे, परवा तर सही आहे, मीच तिला ढकलून खड्ड्यात घालणार, असं मी बडबडत होते. अभिमन्यूला हे सगळं नवीन होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी वाईट बोलते," मी म्हटलं. "मुद्दाम. आपण हरू."

"तू वाईट बोलशील, पण मी न्हाय बोलणार," तो म्हणाला. "मुदतीचा मुद्दा माझा. मी आठवडाभर त्याच्यावर बसलोय. तुला हरायचं असंल तर एकटी हर." मग त्याने घडी घातलेले कागद माझ्यासमोर उलगडले. "हे बघ शिरीदेवी, बहिणीच्या बाजूचा एकूणएक मुद्दा तुला पाठ हाय. तो कुटं कच्चा हाय हे तुझ्याइतकं कुणालाच म्हाईत न्हाय. तेवढंच सांग."

मी कागद घेतले, पण मनात ठरलेलं होतं. संमतीचा मुद्दा माझ्याकडे होता. चार ओळी पुटपुटायच्या आणि बसायचं.

हॉल भरला होता. परीक्षक म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश बाई आल्या होत्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. रेश्मा उठली आणि तिने सुरुवात केली. बोलली फार सुंदर. मला हेवा वाटला, कारण त्यातलं निम्मं मी बोलणार होते. पण मग ती म्हणाली, "महोदया, माझी अशील ही एक भोळीभाबडी बाई आहे. व्यवहारातलं तिला काय कळणार? भावाने बोट दाखवलं तिथे तिने सही केली. बिचारीला आपण काय सोडतोय याची कल्पनाही नव्हती."

भोळीभाबडी. बिचारी. ती मान तिरकी करून हे म्हणत होती आणि माझी नजर पहिल्या रांगेत गेली. तिथे अत्ती बसली होती. अख्ख्या शहराच्या वीजबिलांची भांडणं मिटवणारी, हुबळीच्या घराचं भाडं आणि इथल्या फ्लॅटचे हप्ते एकटीने सांभाळणारी. तिला व्यवहारातलं काय कळणार? रेश्मा आणखी दोनदा बिचारी म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझे कान तापले होते.

माझं नाव पुकारलं. मी उठले, कागद टेबलावर पालथे ठेवले आणि बोलायला लागले.

"महोदया, वादीच्या विद्वान वकिलांनी आपल्याच अशिलाचा अपमान केला आहे. ही बाई शाळेत क्लार्क आहे. दुसऱ्यांचे दाखले, दुसऱ्यांचे अर्ज ती रोज तपासते. एक तारीख चुकली तर कागद परत पाठवते. आणि स्वतःच्या वडिलांच्या जमिनीचा कागद समोर आला तेव्हा तिला वाचता येत नव्हतं, असं आम्ही मानायचं का?"

परीक्षक बाईंनी पेन उचललं. "पण माहेर तुटण्याची भीती तुम्हाला दडपण वाटत नाही?"

या प्रश्नाला मी दोन फेऱ्यांत दुसऱ्या बाजूने उत्तर दिलं होतं. म्हणूनच ते उत्तर कुठे कच्चं आहे हे मला ठाऊक होतं.

"महोदया, भीती प्रत्येक नात्यात असते. मुलगा बापाला भितो, बाप मुलाला भितो. तेवढ्यावर सही खोटी ठरवली तर घरातला एकही कागद टिकणार नाही. दडपण म्हणजे भावाने काहीतरी केलं पाहिजे. तिला कोंडलं, धमकावलं, खोटं सांगितलं, डॉक्टरांकडे नेतो म्हणून रजिस्टर ऑफिसात नेलं. या खटल्यात भावाने काय केलं? बहिणीला विचारलं. ती हो म्हणाली. त्याने साडी आणली, घरी जेवण केलं. प्रेमाने मागितलं आणि तिने प्रेमाने दिलं. प्रेमाला दडपण म्हणायचं असेल तर तशी दुरुस्ती कायद्यात करावी लागेल."

हॉलमध्ये हशा पिकला. अभिमन्यूने टेबलाखाली माझ्या बुटावर बूट आपटला. आता मला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. मला समोर बसलेली अत्ती आठवत नव्हती, सोमवार आठवत नव्हता. शब्द आपणहून येत होते, मी एक संपवायच्या आत दुसरा तयार असायचा, आणि मला इतकं छान वाटत होतं की लाज वाटावी.

"आणि महोदया, बहिणीला समान हक्क मिळावा म्हणून या देशात कितीतरी बायका झगडल्या. तो हक्क घेणारी बाई शहाणी आणि सोडणारी बाई अजाण, असं होऊ शकत नाही. ती दोन्ही वेळा शहाणीच आहे. तिचा हक्क भावाइतकाच पक्का असेल, तर तिची सहीसुद्धा भावाच्या सहीइतकीच पक्की."

बाईंनी चष्मा काढला. "वकीलबाई, एक प्रश्न खटल्याबाहेरचा. उद्या अशी एखादी बहीण सही करायला निघाली आणि वाटेत तिने तुमचा हा युक्तिवाद ऐकला. तिने त्यातून काय घ्यायचं?"

मी क्षणभरही थांबले नाही.

"महोदया, तिने एवढंच घ्यायचं की ही सही परत मिळत नाही. पुढे पस्तावा झाला, भावजयीशी पटेना, भाचे ओळख दाखवेनात, तरी नाही. उद्या ती या न्यायालयात रडत आली तर न्यायालयाने तिला परत पाठवावं. म्हणून सही करण्याआधी तिने जितका वेळ लागेल तितका घ्यावा. नंतर तिच्यासाठी कोणी काही करू शकणार नाही. मीसुद्धा नाही."

मी खाली बसले. अभिमन्यू उठला आणि त्याने मुदतीचा मुद्दा त्याच्या त्या सावकाश आवाजात असा मांडला की रेश्माला उलट उत्तराला धड आधारच राहिला नाही.

निकाल लागला. आम्ही जिंकलो होतो. ढाल आमची, उत्कृष्ट वक्ता मी, आणि पुढच्या महिन्यात राज्यस्तरीय फेरीला विद्यापीठाकडून जाणारा संघ आमचा. टाळ्यांचा आवाज ओसरला तरी एक माणूस टाळ्या वाजवतच होता. ते आप्पा होते. उभे राहून, टोपी सावरत, शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांना सांगत होते, "माजी पोरगी हाय." रेश्मा येऊन मला म्हणाली की असं उलटं तिला आजवर कुणी पाडलं नव्हतं, आणि खरोखर हात मिळवून गेली. मी हसत होते, फोटोला उभी राहत होते. अत्ती मात्र जागेवरच बसली होती. हात मांडीवर, नजर समोर. टाळ्यांत तिचे हात नव्हते.

तेव्हा माझा सगळा आनंद खाली बसला. जिंकले कोणासाठी, हे मला तेव्हा आठवलं.

कॅन्टीनमध्ये आम्ही चौघं बसलो. आप्पांनी ढाल मांडीवर घेतली होती, टेबल ओलं आहे म्हणून. अभिमन्यू चहा सांगायला गेला.

"आपली केस लई भारी लढली पोरीनं," आप्पा म्हणाले. "मला तर वाटलं, मीच हाय त्यो भाऊ."

अत्तीने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि ती आप्पांकडे वळली. "प्रभू, सोमवारी मी येत नाही."

"मग मंगळवारी ठिवू की."

"मंगळवारी पण नाही. मी सही करणार नाही."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तर त्यांच्यापेक्षा गोंधळले होते. "अत्ती," मी म्हटलं, "पण मी तर आज भावाच्या बाजूने बोलले."

"ऐकलं की. नीट ऐकलं." तिचा आवाज ऑफिसातल्यासारखाच शांत होता. "प्रभूने फोन केला तेव्हा मला धाकधूक होतीच. नाही कसं म्हणायचं? मग रोज संध्याकाळी तू माझ्यासमोर उभी राहून सांगायला लागलीस, हक्कसोड रद्द होतं, दडपण होतं म्हटलं की होतं, वकील घरातच आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, आत्ता सही करून टाकू, प्रभू पण खूश. उद्या वाकडं काही झालं तर आपली श्रीदेवी आहे, सोडवून देईल. म्हणून तर मी निवांत होते." तिने पदर सावरला. "आज तू सगळ्यांसमोर सांगितलंस, सुटत नाही म्हणून. तू पण काही करू शकणार नाहीस म्हणून. मग मी कशाच्या भरवशावर सही करू?"

रोज फ्रिजजवळ उभी राहून, महोदया महोदया करत, मीच तिला सहीकडे ढकलत होते. आणि मला वाटत होतं की बाई वळतेय.

"अगं अक्का, ती पोरांची स्पर्धा हुती," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पडलाच होता. "चिट्ठी निघाली म्हणून ती तसं बोलली. दुसरी निघाली असती तर उलटं बोलली असती. व्हय का न्हाय गं?"

"हो," मी म्हटलं.

"मग खरं कुटलं? आज बोललीस ते, का रोज बोलत हुतीस ते?"

अभिमन्यू चहा घेऊन आला होता. कप ठेवून तो गुपचूप शेजारच्या टेबलावर जाऊन बसला. मी घसा साफ केला. इथे चष्म्याच्या वरून बघणारं कोणी नव्हतं, तरी मला हॉलपेक्षा जास्त भीती वाटत होती.

"आप्पा, दोन्ही खरं आहे. फसवून, दडपून घेतलेली सही रद्द होते. पण तसं घडलं हे सिद्ध करावं लागतं. अत्तीला ते जन्मात करता येणार नाही."

"का?"

"कारण तुम्ही तसे नाही. तुम्ही तिच्यावर कधी ओरडला नाहीत, तिच्याशी कधी खोटं बोलला नाहीत. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा सुगी सोडून दवाखान्यात बसून राहिलात. कोर्टाने विचारलं तर अत्तीला हे सगळं खरंखरं सांगावंच लागेल. तुम्ही चांगले भाऊ आहात, आप्पा. चांगल्या भावाला दिलेली सही कुठलंच कोर्ट परत देत नाही."

आप्पा ढालीवर बोट फिरवत बसले. चहावर साय धरली.

"म्हंजी मी वाईट असतो," ते शेवटी म्हणाले, "तर हिला तिचं परत मिळालं असतं."

"कदाचित."

"आन् चांगला हाय म्हणून मिळायचं न्हाय."

मी मान हलवली. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अत्ती त्यांच्याकडे बघत नव्हती, कपाच्या कानाशी खेळत होती. तिलाही भीती वाटत होती, हे मला दिसलं. जमिनीची नाही, माहेराची.

"मग नको करू सही, अक्का," आप्पा म्हणाले. "तुझं नाव असू दे सातबाऱ्यावर. कागद आला की फोन करीन. यायचं, सही करायची, जेवून जायचं. हेलपाटा पडंल तेवढा."

"पडू दे," अत्ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ओठांवर हसू होतं. "आणि फोन करायचा विसरलास तर वकील घेऊन येईन."

"कोण, ही?" आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ही माजी वकील हाय. आत्ताच जिंकली की माज्याकडनं."

"ते मघाशी," मी म्हटलं. "आता मी अत्तीची."

हॉलमध्ये एवढ्या माणसांसमोर माझा आवाज एकदाही कापला नव्हता. आता तीन शब्दांत कापला. आप्पांनी ढाल उचलून माझ्या मांडीवर ठेवली, आणि अत्तीने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली, तरी मी तो सोडवून घेतला नाही.